आप्त कोणास म्हणावे? : मराठी कोशपरंपरा आणि मानवतचा नवा कोशलेखक

१

कोश हा वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेच्या विचारात फारसा येत नाही. कोश चाळायचा असतो, त्याची समीक्षा करायची नसते, ही समजूत त्याच्या मुळाशी असावी. परंतु कोशातील अगदी साधे वाटणारे विधानसुद्धा कोणाच्या तरी भरवशावर उभे असते. तो भरवसा कोणाचा मानायचा, याचा निवाडा केल्याशिवाय कोशाची एक ओळही लिहिता येत नाही. हा निवाडा मराठी ज्ञानव्यवहाराने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने केला आहे. त्या निवाड्यांचा इतिहास म्हणजे एका अर्थी मराठीतील प्रामाण्यविचाराचा इतिहास होय.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. या महाजालावरील मुक्त ज्ञानकोशात लिहिणाऱ्याची पदवी, वय किंवा गाव विचारले जात नाही. मात्र लिहिलेले टिकावे यासाठी आशयाविषयीचे तीन नियम पाळावे लागतात. मजकूर तटस्थ असावा. त्यातील प्रत्येक विधान प्रसिद्ध व विश्वसनीय साधनांवरून पडताळून पाहता यावे. आणि लेखकाचे स्वतःचे, अन्यत्र कोठेही प्रसिद्ध न झालेले संशोधन त्यात नसावे. नवागत लेखकाला हे नियम बहुधा परक्या यंत्रणेचे, तांत्रिक आणि काहीसे अरेरावीचे वाटतात. वस्तुतः या तिन्ही नियमांमागील प्रश्न मराठीला जुना आहे. लीळाचरित्राच्या संकलनात तो होता, एकनाथांच्या ज्ञानेश्वरीसंपादनात होता, केतकरांच्या ज्ञानकोशात आणि वाईच्या विश्वकोशातही होता. विकिपीडियाने त्याला दिलेले उत्तर मात्र आधीच्या सर्व उत्तरांहून वेगळे आहे आणि त्या उत्तराची किंमत सर्व मराठी प्रदेशांना सारखी मोजावी लागत नाही. ही विषमता समजून घ्यायची तर पुण्या-मुंबईपेक्षा मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावातून या नियमांकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

२

मानवत हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापसाची बाजारपेठ म्हणून त्याची ओळख आहे. कल्याण–निर्मळ महामार्ग गावावरून जातो. मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक मात्र गावापासून दूर असल्यामुळे 'मानवत रोड' या नावाने ओळखले जाते. या गावातील एखादा पदवीधर तरुण आपल्या गावाविषयीच्या लेखात भर घालायला बसला आहे, अशी कल्पना करता येईल. त्याने लिहावयाचे पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते. गाव 'संतांच्या पदस्पर्शाने पावन झालेले' असते, ग्रामदैवत 'जागृत' असते, बाजारपेठ 'सुप्रसिद्ध' असते आणि गावातील शिक्षणमहर्षी 'थोर' असतात.

हे वाक्य त्याचे स्वतःचे नसते. स्मरणिका, गौरवग्रंथ, सत्कारसमारंभातील मानपत्रे आणि दैनिकांच्या वर्धापनदिन पुरवण्या यांनी घडविलेली एक गौरवाची शैली मराठीत आहे. ग्रामीण आणि निमशहरी लेखनावर तिचा पगडा विशेष आहे. नवा लेखक हीच शैली घेऊन कोशाच्या दाराशी येतो आणि तेथे त्याला पहिला धक्का बसतो. विशेषणे काढली जातात. उरलेल्या वाक्यांपुढे चौकटी कंसात 'संदर्भ हवा' अशी खूण येते. कधी संपूर्ण परिच्छेदच मागे घेतला जातो. त्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक असते : आपले गाव आपल्याला ठाऊक नाही काय? जे आपण डोळ्यांनी पाहिले, आजोबांच्या तोंडून ऐकले, त्याला पुरावा कसला द्यायचा?

या प्रश्नाला उर्मट अडाणीपणा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि भारतीय परंपरेत त्याची चर्चा अतिशय काटेकोरपणे झालेली आहे.

नियम शिकण्याच्या या प्रक्रियेसाठी मराठी विकिपीडियाने योजलेली परिभाषाही लक्षात घेण्यासारखी आहे. कच्चे लेखन करून पाहण्याच्या जागेला तेथे 'धूळपाटी' म्हणतात, सार्वजनिक चर्चेच्या पानाला 'चावडी' आणि मत अजमावण्याच्या पानाला 'कौल'. धूळ पसरलेल्या पाटीवर अक्षर गिरवायचे, चुकले तर हाताने पुसून पुन्हा लिहायचे, ही जुन्या शाळेतील रीत येथे शब्दशः उपयोगी पडली आहे. चावडी आणि कौल हे शब्द मात्र अधिक गुंतागुंतीचे आहेत. गावगाड्यात चावडीवर कोणी बसायचे आणि कोणी दूर उभे राहायचे हे ठरलेले होते. कौल देवाला लावायचा असे आणि त्याचा अर्थ सांगणारा कोणी वेगळाच असे. नव्या माध्यमाने हे शब्द घेताना त्यांतील अधिकारभेद वगळला असे गृहीत धरले जाते. तो खरोखर कितपत वगळला गेला, हे नियमांच्या आशयावरून तपासावे लागते.

३

न्यायदर्शनाने चार प्रमाणे मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मानवतच्या तरुणाची तक्रार या परिभाषेत मांडली तर असे दिसते की तो प्रत्यक्षाचा आधार घेत आहे. बाजार त्याने पाहिला आहे, विहीर त्याच्या घरामागे आहे. विकिपीडियाचा तिसरा नियम नेमका हाच आधार नाकारतो. लेखकाचे प्रत्यक्ष येथे प्रमाण नाही. त्याचे अनुमानही नाही. दोन वेगवेगळ्या ग्रंथांतील विधाने जोडून त्याने तिसरा निष्कर्ष काढला, तर तोही 'स्वतःचे संशोधन' ठरून बाद होतो. उपमानाला तर वावच नाही. उरते केवळ शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वचन. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज काही मानले नाही. मुक्त कोशाचा लेखक शब्दाखेरीज काही मानत नाही. या दृष्टीने पाहता आधुनिकतेच्या या अपत्याने परंपरेतील सर्वांत वादग्रस्त प्रमाणाचा आश्रय घेतला आहे, असे म्हणावे लागते.

मग आप्त कोणास म्हणावे? न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने याचे उत्तर दिले आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना समान लागू आहे, असेही त्याने नोंदविले आहे. म्हणजे आप्तत्व जन्मावर, वर्णावर किंवा पदावर अवलंबून नाही. जाणणे आणि प्रामाणिकपणे सांगणे या दोनच अटी आहेत. कापसाच्या वखारीत चाळीस वर्षे हमाली केलेला माणूस बाजाराच्या बाबतीत या लक्षणानुसार आप्त ठरतो.

विकिपीडियाने या दोन अटींत तिसरी अट मिळविली : आप्ताचे वचन प्रसिद्ध झालेले असले पाहिजे. कोशाचा वाचक दूर असतो. त्याला हमालाची उलटतपासणी करता येत नाही, आणि लेखक कोण हेही त्याला ठाऊक नसते. त्यामुळे वचन अशा ठिकाणी असले पाहिजे की कोणालाही तेथे जाऊन ते वाचता यावे. युक्तिवाद निर्दोष आहे. पण तिसऱ्या अटीमुळे आप्तत्वाचा संबंध मुद्रणाशी जडतो, आणि मुद्रणाला भूगोल आणि इतिहास असतो. या मुद्द्याकडे परत येण्यापूर्वी मराठीने हा प्रश्न पूर्वी कसा हाताळला ते पाहणे आवश्यक आहे.

४

तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या अनुयायांना भेटून, प्रसंग विचारून, ऐकलेले नागदेवाचार्यांकडून पारखून घेत त्यांनी हे काम केले. ही पद्धत साक्षीची आहे. जो प्रसंगी हजर होता त्याचे स्मरण घ्यायचे आणि अधिकारी व्यक्तीकडून त्याची खातरजमा करून घ्यायची. पुढे राजकीय धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि अनुयायांनी पाठांतराच्या बळावर ती पुन्हा सिद्ध केली. त्यामुळे एकाच लीळेचे अनेक पाठ निर्माण झाले. महानुभावांनी हे भेद पुसून एकच सुबक कथा तयार केली नाही. अमुक तपशील अमक्याच्या स्मरणाप्रमाणे, तमुक तमक्याच्या, असे भेद त्यांनी नोंदवून ठेवले. भिन्न मते त्यांच्या धन्यांच्या नावानिशी शेजारी शेजारी ठेवायची, हा तटस्थतेचा नियम मराठी गद्याच्या आरंभीच या रीतीने आचरणात आलेला दिसतो.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत लेखकूंनी आणि श्रद्धाळूंनी ग्रंथात इतकी भर घातली होती की मूळ पाठ शोधावा लागला. शुद्धीचे काम संपल्यावर एकनाथांनी पुढील काळासाठी ग्रंथात भर घालण्यास स्पष्ट मनाई केली. म्हाइंभटांच्या परंपरेत संहिता अनेक साक्षींनी मिळून बनते. एकनाथांच्या दृष्टीने संहिता एका कर्त्याची असते आणि तिचे दार बंद करणे हेच तिचे रक्षण असते. मुक्त कोशाला यांपैकी पहिली वृत्ती जवळची आहे. पण त्याने एकनाथांची चिंताही वेगळ्या मार्गाने सोडविली आहे. प्रत्येक लेखाच्या मागे त्याचा 'इतिहास' जपलेला असतो. कोणी, केव्हा, काय घातले आणि काय काढले ते तेथे पाहता येते. प्रक्षेप थांबविता येत नाही, पण तो ओळखता येतो आणि परतविता येतो. पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या मराठीच्या विद्यार्थ्याला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही.

५

आधुनिक अर्थाने मराठीतील पहिला मोठा ज्ञानकोश श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. १९२० ते १९२९ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड प्रसिद्ध झाले. केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर होते, समाजशास्त्रज्ञ होते आणि पुढे कादंबरीकारही झाले. कोशासाठी त्यांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले. या खटाटोपाची हकीकत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात सांगितली आहे. कोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास या विषयांवरील या खंडांत केतकरांनी जगाच्या इतिहासाची स्वतःची मीमांसा मांडली आहे. कोश ही समाजाला स्वतःकडे पाहायला शिकविणारी कृती आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून संपादकाचे मत तेथे दोष नसून प्रयोजन होते. येथे प्रामाण्य एका विद्वानाच्या व्यक्तिमत्त्वात साठलेले आहे.

आजच्या मुक्त कोशात केतकरांना प्रस्तावनाखंड लिहिता आले नसते. ते 'स्वतःचे संशोधन' म्हणून काढले गेले असते. मात्र तेच खंड प्रसिद्ध ग्रंथ असल्याने त्यांतील मत केतकरांच्या नावाने उद्धृत करणे कोणालाही शक्य आहे. या विरोधाभासातच नव्या नियमाचे मर्म आहे. नियम स्वतंत्र विचाराला बंदी करीत नाही. विचार करण्याची जागा आणि विचार नोंदविण्याची जागा यांची तो फारकत करतो. केतकरांनी ही दोन्ही कामे एकाच वास्तूत केली.

मराठी विश्वकोशाने वेगळी वाट धरली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाच्या योजनेतून, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली, वाई येथे हे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. येथे नोंद त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाने लिहावी, संपादकांनी तपासावी, नोंदीखाली लेखकाचे नाव यावे आणि शेवटी संदर्भग्रंथांची यादी यावी, अशी शिस्त होती. एका व्यक्तीच्या जागी विद्वानांचे मंडळ आले. न्यायशास्त्राचे पंडित असलेले तर्कतीर्थ आणि त्यांच्यानंतर या कामाची धुरा वाहणारे तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांच्या हातून मराठी कोशाचे प्रामाण्य 'तज्ज्ञाची सही' या रूपात स्थिरावले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. या पद्धतीने भाषेला परिभाषा दिली आणि गद्याला नेमकेपणा दिला. तिची मर्यादा काळाची होती. पहिल्या आणि शेवटच्या खंडांत जवळजवळ चार दशकांचे अंतर पडले. या अवधीत जिल्हे विभागले गेले, शहरांची नावे बदलली, विज्ञानाच्या शाखा नव्याने मांडल्या गेल्या.

इंग्रजीत हीच अडचण वेगळ्या वेगाने समोर आली. विकिपीडियाच्या आधी, मार्च २००० मध्ये, 'न्यूपीडिया' नावाचा ज्ञानकोश महाजालावर सुरू झाला होता. त्याचे संपादक लॅरी सँगर हे ज्ञानमीमांसेचे अभ्यासक. त्यांनी लेखासाठी तज्ज्ञांच्या तपासणीच्या सात पायऱ्या ठरविल्या आणि परिणामी मोजकेच लेख पुरे होऊ शकले. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि त्याने मूळ प्रकल्पालाच मागे टाकले. तज्ज्ञाची सही गेल्यावर तिच्या जागी काहीतरी आणणे भाग होते. तटस्थता आणि पडताळणी ही तत्त्वे त्यातून रुजली. अप्रसिद्ध संशोधनावरील बंदी तर मुख्यतः भौतिकशास्त्रातील विक्षिप्त उपपत्ती मांडणाऱ्यांना आवर घालण्यासाठी आली. 'सत्य नव्हे, पडताळणीक्षमता' हे तेथील एक गाजलेले सूत्र होते. त्याचा विपर्यास होऊ लागल्याने २०१२ मध्ये ते इंग्रजी धोरणाच्या आरंभातून काढले गेले. तथापि त्यातील आशय टिकून आहे. लेखक 'हे खरे आहे' असे म्हणत नाही. 'हे अमक्याने अमुक ठिकाणी म्हटले आहे' एवढेच म्हणतो.

म्हाइंभटांचा साक्षीदार, एकनाथांचा कर्ता, केतकरांचा विद्वान संपादक, विश्वकोशाचा तज्ज्ञ आणि विकिपीडियाचे प्रसिद्ध साधन, असा हा क्रम आहे. प्रामाण्य माणसाकडून छापील पानाकडे सरकत गेले आहे.

६

आता मानवतकडे परत येता येईल. छापील पान हेच आप्त ठरल्यावर ज्या प्रदेशाविषयी छापील पानेच कमी आहेत, त्याचे काय होते?

ब्रिटिश अंमलाखालील मराठी जिल्ह्यांची गॅझेटियरे जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली. पुणे जिल्ह्याचे वर्णन १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाले. पिके, जाती, बाजार, देवळे, जत्रा, सारेच त्यात आले. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील जिल्ह्यांच्या वाट्याला असे विस्तृत, स्वतंत्र खंड आले नाहीत. परभणीचे स्वतंत्र गॅझेटियर महाराष्ट्र शासनाने काढले ते १९६७ मध्ये. संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. मराठी शाळा, छापखाने आणि नियतकालिके यांवर मर्यादा होत्या. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आले. पुण्याच्या पेठेतील एखाद्या वाड्याविषयी चार पुस्तके दाखविता येतात. मराठवाड्यातील बाजारपेठेच्या संपूर्ण गावाविषयी तेवढी दाखविणे कठीण जाते.

परिणामी एकच नियम दोन ठिकाणी दोन प्रकारे लागू होतो. 'उल्लेखनीयता' ही कसोटी याचे स्पष्ट उदाहरण आहे. एखाद्या व्यक्तीवर स्वतंत्र लेख असावा की नाही, हे तिच्याविषयी त्रयस्थांनी किती लिहिले यावरून ठरते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले गावोगावचे कार्यकर्ते बहुतेक स्मरणात किंवा सरकारी नस्तींत आहेत. त्यांचा नातू लेख लिहितो तेव्हा दोन दोष एकदम घडतात : साधन नाही, आणि लेखक नातेवाईक आहे. लेख काढला जातो. नियमाच्या दृष्टीने हे योग्यच आहे; पण ज्या काळात लिहिणे-छापणे दुष्कर होते त्या काळाचे मौन आज पुन्हा एकदा कायम होते.

मौनाची दुसरी बाजू अधिक क्लेशकारक आहे. १९७२ ते १९७४ या काळात मानवत परिसरात स्त्रिया आणि मुलींच्या खुनांचे एक भीषण प्रकरण घडले. वृत्तपत्रांनी ते देशभर पोहोचविले, पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींत ते आले, न्यायालयीन निकालांत आले, आणि २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिकाही आली. या गावाविषयी साधने शोधू गेल्यास सर्वांत मुबलक साधने याच प्रकरणाची मिळतात. पडताळणीचा नियम यांत्रिकपणे पाळला तर गावाच्या लेखाचा मोठा भाग या खुनांनी व्यापला जाईल. कापूस, बाजार, शाळा, देवळे आणि दर्गे यांना एकेक ओळ मिळेल. प्रत्येक वाक्य साधार असूनही संपूर्ण लेख असत्य वाटेल, अशी ही स्थिती आहे. तटस्थतेच्या नियमात प्रमाणबद्धतेचे तत्त्व आहे ते याचसाठी. गावाचा लेख आणि प्रकरणाचा लेख वेगळे ठेवणे, आरोप, खालच्या न्यायालयाचा निर्णय आणि अंतिम निर्णय यांत भेद करणे, हयात व्यक्तींविषयी अधिक सावध राहणे, ही कामे नियमांचे कलम वाचून जमत नाहीत. त्यांना विवेक लागतो, आणि गाव ठाऊक असलेल्या माणसाचे ज्ञान येथेच उपयोगी पडते. त्याचे प्रत्यक्ष लेखात प्रमाण म्हणून येऊ शकत नाही. काय सुटले आहे हे ओळखण्यासाठी मात्र त्याच्याइतका योग्य कोणी नाही.

तटस्थतेचे अन्य धडे शेजारच्या पाथरीत मिळतात. जानेवारी २०२० मध्ये राज्य शासनाने साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी निधी देण्याचे जाहीर केले, तेव्हा शिर्डीत निषेध म्हणून बंद पाळला गेला. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या साईसच्चरितात बाबांच्या जन्मस्थळाविषयी कोणाला माहिती नसल्याचे सांगितले आहे. पाथरीचा दावा पुढील काळातील शोधांवर आणि स्थानिक परंपरेवर आधारलेला आहे. परभणी जिल्ह्यातील नवा लेखक स्वाभाविकपणे 'जन्मस्थान' असे लिहील, शिर्डीचा लेखक ते पुसेल, आणि लेख काही दिवस रणांगण होईल. नियम या दोघांनाही निर्णय देण्यापासून परावृत्त करतो. दावा कोणाचा, केव्हापासूनचा, कशावर आधारलेला आणि त्याला विरोध कोणाचा, एवढेच नोंदवायचे. नामदेवांचे जन्मस्थान नरसी की पंढरपूर, या वादात मराठी वाङ्मयेतिहासकारांनी हीच शिस्त पाळण्याचा प्रयत्न केलेला आहे.

शब्दांची निवड हाही तटस्थतेचाच प्रश्न आहे. सप्टेंबर १९४८ मधील घटनेला 'पोलीस कारवाई' म्हणावे, 'विलीनीकरण' म्हणावे की 'मुक्ती'? पहिला शब्द तत्कालीन भारत सरकारचा, दुसरा घटनात्मक, तिसरा लढ्यात उतरलेल्यांचा आणि आज १७ सप्टेंबर हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळणाऱ्या शासनाचा. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी मराठवाड्यात घरोघर आहेत. कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल मात्र अनेक दशके सार्वजनिक झाला नाही. एक बाजू छापली गेली आणि दुसरी दडून राहिली, तर केवळ छापील साधनांची सरासरी काढून तटस्थता हाती लागत नाही. उर्दू साधने वाचणे येथे कर्तव्य ठरते, कारण कोशाच्या नियमांनुसार साधन कोणत्याही भाषेतील चालते. मराठवाड्यातील मराठीच्या विद्यार्थ्याला आजोबांच्या पिढीची उर्दू परकी झाली आहे, ही गोष्ट कोशाच्या पानावरही उमटते.

७

मुद्रणाशी बांधलेले हे आप्तत्व सैल करावे, असा एक विचार खुद्द या चळवळीतून पुढे आला होता. २०११ मध्ये अचल प्रभला यांच्या पुढाकाराने भारत आणि दक्षिण आफ्रिका येथे मौखिक साधनांचा एक प्रयोग झाला. गावातील जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचा आधार लेखांना देता येईल का, हे त्यात पाहिले गेले. प्रयोगाने प्रश्न नेमका मांडला, तरी नियमात बदल झाला नाही. त्यामागील हरकतही पोकळ नाही. मुलाखत घेणारा आणि लेख लिहिणारा एकच असेल तर उलटतपासणी कोणी करायची? साईबाबांसारख्या वादात प्रत्येक गाव आपापल्या साक्षीदारांची ध्वनिफीत आणील.

नियम मोडून हा पेच सुटणार नाही. तो सुटायचा तर म्हाइंभटांच्या कामाकडे पुन्हा वळावे लागते. त्यांनी मौखिक स्मरणाला थेट प्रमाण मानले नाही आणि मौखिक म्हणून टाकूनही दिले नाही. साक्षीदार शोधले, नावे राखली, पारख करून घेतली आणि लिहून ठेवले. या चार पायऱ्यांनंतर ते स्मरण इतरांना आधार देण्याजोगे झाले. मानवतच्या तरुणाने जे काम कोशाच्या पानावर करू पाहिले, ते त्याने कोशाबाहेर करायचे आहे. बाजार समितीची दप्तरे, शाळांची जुनी हजेरीपत्रके, वतनदारांच्या घरातील मोडी आणि उर्दू कागद, वृद्धांच्या मुलाखती यांवर आधारलेला स्थानिक इतिहास लिहायचा, तो जाणकारांकडून तपासून घ्यायचा आणि एखाद्या नियतकालिकात किंवा संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध करायचा. मग कोशात तो उद्धृत करण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवायचे. केतकरांनी एकाच वास्तूत केलेली दोन कामे येथे दोन हातांनी होतील.

यात विद्यापीठीय मराठीच्या जबाबदारीचा प्रश्न आहे. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांतून दरवर्षी लोकसाहित्यावर, बोलीवर, ग्रामदैवतांवर प्रकल्प सादर होतात आणि कपाटात जातात. त्यांतील अनेकांच्या मागे खरी क्षेत्रीय पाहणी असते. ते छापले गेले नाहीत, महाजालावर आले नाहीत, म्हणून ते कोशाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत. मराठवाड्याचे प्रतिनिधित्व मराठी कोशात अपुरे आहे अशी तक्रार करणाऱ्यांच्या ताब्यातच त्या तक्रारीच्या निवारणाचे साहित्य पडून आहे.

नवा लेखक धूळपाटीवर काही महिने गिरवतो तेव्हा त्याच्यात एक बदल घडतो. 'सुप्रसिद्ध' हा शब्द लिहिताना त्याचा हात थांबतो आणि 'कोणाच्या मते?' हा प्रश्न त्याला आपोआप सुचतो. आपल्याला माहीत असलेले आणि आपल्याला दाखविता येणारे यांतील अंतर त्याला कळू लागते. समीक्षेच्या वर्गात वर्षानुवर्षे जे शिकवायचे असते ते हेच. फरक एवढाच की वर्गात चूक झाली तर गुण कमी होतात; येथे चूक झाली तर दूरच्या कोणी अनोळखी माणसाने ती दुरुस्त केलेली दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते, आणि चर्चापानावर त्याचे कारण लिहिलेले असते. त्या कारणाला उत्तर देताना मानवतचा लेखक आपल्या गावाविषयी पहिल्यांदाच अशा भाषेत लिहितो, जी गावाबाहेरच्या माणसालाही मान्य व्हावी. त्या उत्तराच्या आधारासाठी लागणारे पुस्तक मात्र बहुतेक वेळा अजून लिहिले जायचे असते.